टायरातलं तीर्थ

सायकलीच्या टायरातलं मला जेवढं कळतं, तेवढं कुंभार पिंपळगावात दुसऱ्या कुणाला कळत नाही! या वाक्याबद्दल देव मला क्षमा करो. पण खरं दडवण्यापेक्षा थोडा गर्व झालेला बरा, असं मी मनाशी ठरवलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमचा आणि टायरचा संबंध काय? तुम्ही काकडा, पोथी, तुळशीच्या प्रदक्षिणा यांतल्या! बरोबर आहे. पण माझी लेक अर्पिता डोंगरातल्या सायकल शर्यती खेळते. ज्या रस्त्यानं शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते, त्या रस्त्यानं ही सायकल पळवते. आणि आईचा संबंध कशाशी नसतो, सांगा!

लग्नानंतर नऊ वर्षं आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. मग अर्पिता झाली, आणि त्या दिवशी मी एक नेम धरला. पहाटे उठल्यापासून महादेवाला दुधाचा अभिषेक होऊन आरती होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. देवानं एवढी लेक दिली, मी त्याला रोजचं दोन तासांचं मौन दिलं. आमचे हे म्हणतात, "या सौद्यात देवापेक्षा माझाच फायदा जास्ती झाला." म्हणू देत. एकोणीस वर्षं झाली, नेम मोडला नव्हता. ताप असो, पाहुणे असोत, एकदा स्वयंपाकघरात साप निघाला तेव्हासुद्धा मी नुसती टाळी वाजवून ह्यांना बोलावलं होतं! (हे दहा मिनिटांनी आले. त्यांना वाटलं आरती सुरू झाली.)

तर यंदा कार्तिकात घनसावंगीच्या अलीकडच्या माळावर जिल्ह्याची निवड-शर्यत ठरली. पहिल्या तीन मुली राज्याला जाणार. मागची दोन वर्षं अर्पिताच्या चाकाला ऐन शर्यतीत बाभळीचा काटा लागला. सायकल खांद्यावर आणि डोळ्यांत पाणी, अशी ती दोन्ही वेळा घरी आली. यंदा ह्यांनी स्पष्टच सांगितलं.

"हे बघ अर्पे, ही शेवटची खेप. तिनात आली तर तुझी सायकल, तुझा माळ. न्हाई आली तर सायकल विकायची आन् गुमान कॉलेज करायचं. हातपाय मोडले मंग कोण बघणार?"

"येईन मी तिनात," अर्पिता म्हणाली. पण रात्री झोपेत ती काटा, काटा असं बडबडली, ते मी ऐकलं होतं.

तिला शिकवणारे नागसेन सर एके दिवशी सकाळीच दोन टायर खांद्यांवर अडकवून आले. भला माणूस! स्वतःच्या पोरीसारखं शिकवतात. पाट मांडून बसले आणि ह्यांना म्हणाले, "मच्छिंद्रभाऊ, दोन प्रकार हायेत. एकाला रबराचे खिळे दाट, एकाला विरळ. दाटवालं महाग, पकड चांगली. सगळ्या पोरी तेच टाकून राह्यल्या."

"मंग तेच टाका," हे म्हणाले. "खर्चा होऊ द्या एकदाचा."

मी अंगणात सडा टाकत होते, मौनात. खिळे ऐकलं आणि थांबले. दोन्ही टायर उचलले, न्हाणीच्या पाण्यानं झालेल्या काळ्या चिखलात एकेक फिरवला आणि सरांसमोर उभे धरले. दाट खिळ्यांचा टायर म्हणजे उडदाच्या पिठात लोळलेला वडा! विरळ खिळ्यांचा एकदा झटकला, तशी माती टपटप गळून पडली.

सर बघतच राहिले. "अरे वा! त्या रस्त्यात पाटाच्या पाण्याचा चिखल हाये दोनशे पावलं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई! वहिनी, हे कुठं शिकलात तुम्ही?"

मी पायातल्या चपलेकडे बोट दाखवलं. तीस वर्षं काळ्या मातीतून शेतात जाते-येते आहे. कुठल्या तळव्याला माती धरते आणि कुठल्या तळव्याची सुटते, हे कळायला मला जालन्याच्या दुकानात जावं लागत नाही!

झालं, विरळ खिळ्यांचे टायर ठरले. मी गुडघ्यांसाठी जुन्या गोधडीचे जाडजूड पट्टेही शिवून दिले. अर्पिता हेल्मेट घालून, ते पट्टे बांधून अंगणात उभी राहिली. वर अंतराळवीर आणि खाली बाळंतीण, अशी दिसत होती! पण पोरगी हसली आणि म्हणाली, "आई, लई ऊबदार हायेत."

राहिला काट्यांचा प्रश्न. त्याला सरांनी उपाय काढला. टायरात ट्यूब घालायचीच नाही. त्याऐवजी एक पांढरा चीक ओतायचा. काटा घुसला की चीक त्या भोकात जाऊन आपोआप घट्ट होतो आणि हवा कोंडून धरतो. आठ दिवस वाट पाहून पार्सलनं एक बाटली आली. बिनट्यूबचा टायर, त्यात चीक. अर्पिताची सगळी आशा त्या एका बाटलीत होती.

आणि इथून पुढं जे झालं, ते माझ्यामुळं झालं.

शर्यत रविवारी. शनिवारी पहाटे पाचला मी उठले. वीज गेलेली. कार्तिकाची थंडी, त्यात मला चार दिवसांचं पडसं. ओट्यावर रोजच्यासारखा गडू ठेवलेला होता. हे म्हशीची धार काढून रोज अभिषेकापुरतं दूध गडूत ठेवतात. मी तो उचलला, देवघरात गेले, समई लावली. दुधाला जरासा वास येत होता, युरियाच्या पोत्यासारखा. मला वाटलं, म्हशीनं खताच्या गोणीत तोंड घातलेलं दिसतं. दुधात बारीक बारीक कणही दिसत होते. मला वाटलं, साय. विचारावं तर मौन!

अभिषेकपात्रात दूध ओतलं. खालच्या बारीक भोकातून धार सुरू झाली. पिंडी कशी न्हाऊन निघाली! मग मी पंचामृताचं दही घातलं.

दही पडलं आणि दूध घट्ट झालं. नुसतं घट्ट नव्हे. पिंडीच्या अंगावर पांढरी साल चढली! जणू महादेवानं थंडीपायी रेनकोट घातला! वरची धार थेंबावर आली, थेंब लोंबकळला, लांबला, आणि तिथंच थांबला. मी पात्र हलवलं, फुंकर मारली. भोक बंद!

एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या झुंबरबाई दर्शनाला आल्या. झुंबरबाई म्हणजे आमच्या भजनी मंडळाचा माईक. त्यांनी पिंडी पाहिली, बोट लावलं. बोटाबरोबर दूध ताणलं गेलं आणि सोडल्यावर टप्पकन परत जागेवर गेलं!

"अगं माय! द्वारकाबाई! देवानं दूध अंगावर धरलं! चमत्कार झाला गं बाई, चमत्कार!"

मी हातानं नको नको केलं. त्यांना वाटलं, मी विनयानं नको म्हणते आहे. पाच मिनिटांत त्यांनी मंडळाच्या सातही जणींना गोळा केलं. टाळ आले, नारळ आला, कुणी तरी पेढ्यांना माणूस पिटाळला. हे गोठ्यातून आले, तर झुंबरबाईंनी ताम्हणात जमलेलं पळीभर त्यांच्या हातावर घातलं.

"घ्या भाऊ, साक्षात तीर्थ!"

ह्यांनी ओंजळ तोंडापाशी नेली. वास घेतला. थांबले. नाक मुरडून मूठ मिटली. मग मूठ उघडायला गेले, तर ती उघडेना!

"हे काय हाये? माझी बोटं चिकटली!"

"सोडू नका भाऊ, पुण्य मुठीत आलंय!" झुंबरबाई ओरडल्या, आणि टाळ वाजू लागले.

तशात अर्पिता पळत आली. टायरचं एक हत्यार आणायला ती नागसेन सरांकडे गेली होती.

"आई, ओट्यावरच्या गडूत मी टायरचा चीक मोजून ठेवला व्हता. बराबर दोन चाकांचा. कुठंय?"

टाळ थांबले. अर्पितानं पिंडीकडे पाहिलं, वडिलांच्या मुठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी आरती केली. कशी केली, माझं मला माहीत! नेम होता म्हणून केली. शेवटचा शब्द संपताच तिच्यापुढं जाऊन हात जोडले. "माय, माझ्या हातून घात झाला. मला वाटलं दूध हाये."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती खाली बसली. मग हळूच म्हणाली, "असू दे आई. महादेवाला तरी आता पंक्चर होणार न्हाई."

असं लेकरू देवानं मला दिलं. सांगा, दोन तासांच्या मौनात हे फिटतं का?

गडूत, पात्रात, ताम्हणात पाहिलं. सगळा चीक रबर होऊन बसला होता. नवी बाटली यायला आठ दिवस. नागसेन सर आले, पिंडीला नमस्कार केला, म्हणाले, "माल अस्सल हाये, एवढं कळलं." मग गंभीर झाले. "आता साध्या ट्यूबा टाकू. दुसरा इलाज न्हाई. पण काटा लागला की खेळ खलास. शर्यतीत बाहेरच्यानं मदत करायची न्हाई, असा नियम हाये."

हे गरम पाण्यात मूठ बुडवून बसले होते. एरवी काही तरी लागट बोलले असते. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "दोन वर्षं काटा. आता तिसरं."

माझ्या जिवाला ते लागलं. दुपारी पिंडीवरची साल सोडवताना (ती अखंड निघाली, पिंडीचा हुबेहूब साचा!) मला एक विचार सुचला. काटा चाकात घुसल्यावर थांबवायचा उपाय मी वाया घालवला. मग काटा रस्त्यातच राहू दिला नाही तर? देवळाचं अंगण रोज झाडतेच की मी! माळ म्हणजे फार तर थोडं मोठं अंगण!

झुंबरबाईंना सांगितलं. त्यांनाही सकाळचा चमत्कार बोचत होताच. "मी येते! सगळ्या येतील! आन् द्वारकाबाई, आपण जिभेनं पाप केलं. उद्या काम होऊस्तोवर सगळ्यांनीच तुमच्यासारखं मौन धरायचं!"

झुंबरबाई आणि मौन! पण भाव पाहावा.

रविवारी पहाटे काळीपिवळी जीप ठरवून आम्ही नऊ बायका नऊ खराटे घेऊन माळावर उतरलो. माझी पूजा-आरती घरी परतल्यावर व्हायची होती, तोवर मौन होतंच. उजाडायचं होतं, धुकं होतं. शर्यतीचा फेरा चार किलोमीटरचा. आदल्या दिवशी शर्यतवाल्यांनी गाडी फिरवून वाट पाहिलेली, चाकांचे माग दिसत होते. त्या मागानं प्रत्येकीनं आपापला तुकडा घेतला आणि लागलो झाडायला. काय काटे होते! एकेक दाभणाएवढा! पाटीभर काटे मीच काढले. मध्ये मध्ये कुणी तरी पांढरी भुकटी सांडलेली दिसत होती, ओळीनं. मला वाटलं, कुणाच्या गाडीतून चुना गळला असेल, लेकरांच्या डोळ्यांत उडायचा. तीही झाडून बाजूला केली. स्वच्छ! चाकाचा एक माग ठेवला नाही, भुकटीचा एक कण ठेवला नाही!

साडेसातला धुकं उठलं. शर्यत भरवणारे धर्मराजभाऊ मोटारसायकलवर आले. माळाकडे पाहिलं. परत पाहिलं. गाडी उभी करायची विसरले, ती आडवी झाली.

"माझी फक्की! काल दिवसभर फक्की मारून रेघ आखली व्हती! बाण काढले व्हते! कुठं गेली?"

आम्ही नऊ जणी खराटे घेऊन ओळीनं उभ्या.

"मावशी, तुम्ही झाडलं का?"

आम्ही होकारानं माना डोलावल्या.

"कुणी सांगितलं व्हतं?"

आठ बोटं माझ्याकडे वळली. माझं आपोआप वर आकाशाकडे गेलं.

धर्मराजभाऊ घाबरले. दोन पावलं मागं सरकून आवाज मऊ करून म्हणाले, "मावशी, तुमची काही मागणी हाये का? निवेदन आणलंय का?"

नागसेन सर धावत आले. "भाऊ, त्यांचं मौन हाये."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"आजच?"

सरांनी थोडक्यात सांगितलं. चीक, पिंडी, काटे. धर्मराजभाऊ डोकं धरून दगडावर बसले. "भाव मोठा हाये हो, पण बारा वाजायच्या आत तीन नावं वर पाठवायचीत. रेघ न्हाई तर शर्यत न्हाई. शर्यत न्हाई तर जिल्ह्यातून कुणीच न्हाई. आता चार किलोमीटर कोण आखणार? आन् माझ्या तरी कुठं ध्यानात हाये!"

तिकडे जीपमधून पोरी उतरत होत्या. रंगीत हेल्मेटं, चकचकीत सायकली. त्यांत माझी अर्पिता, गोधडीचे पट्टे बांधून. तिला अजून काही माहीत नव्हतं. काल मी तिचा चीक घालवला. आज साऱ्या जिल्ह्याच्या पोरींची शर्यत घालवली!

डोळे भरून आले. पण खाली पाहिलं आणि एकदम लख्ख झालं. ती भुकटी कुठं कुठं होती, हे कुणाला माहीत होतं? आम्हालाच! हातभर हातभर झाडली होती ती! मी धर्मराजभाऊंच्या गाडीवरच्या उरलेल्या फक्कीच्या पोत्यात हात घातला, मूठ भरली, वाकले आणि चिमटीतून रेघ सोडायला लागले. उभा जन्म अंगणात रांगोळी घातलेला हात! माझ्यामागं झुंबरबाई वाकल्या, मग सगळ्याच. प्रत्येकीनं आपण झाडलेला तुकडा आपणच आखला. धर्मराजभाऊंची रेघ ओबडधोबड असेल, आमची मात्र सुतासारखी. मध्ये मध्ये ठिपके, कडेला गोपद्मं. एकीनं तर चढावर कमळ काढलं. बाण कुणालाच येईनात, म्हणून वळणावळणावर झुंबरबाईंनी जाता-येता लक्ष्मीची पावलं काढली. बोटं जिकडं, तिकडं वळायचं!

नऊला शिट्टी झाली. फेरे तीन. मी आणि झुंबरबाई दूरच्या फाट्यावर उभ्या होतो. तिथं एक वाट सरळ पाटाकडे जाते आणि दुसरी डावीकडं लक्ष्मीआईच्या ठाण्याकडं. शर्यतीची वाट सरळ, पण फाट्यापुरती रेघ सोडून तिथं नुसती पावलंच काढलेली होती.

धुरळा उठला. पुढं सात पोरी, एकीला एक चिकटलेल्या. फाट्यावर आल्या, खाली पाहिलं आणि सगळ्या डावीकडं वळल्या. सातही!

मी चमकून जमिनीकडे पाहिलं. पावलं लक्ष्मीआईच्या ठाण्याकडं चालली होती! मी झुंबरबाईंकडे पाहिलं. त्यांनी कपाळावर हात मारला. काय करतील बिचाऱ्या? लक्ष्मीची पावलं देवाच्या, घराच्या उंबऱ्याकडंच काढायची असतात. ती उंबऱ्याकडून परत फिरलेली आजवर कुणी काढली आहेत? हात सवयीनं तिकडंच गेला होता!

मागून अर्पिता आली, एकटी. फाट्यावर तिनं ब्रेक दाबला, पावलं पाहिली. आमच्या घरात वाढलेली पोरगी! दर दिवाळीला माझ्याबरोबर तीच पावलं काढते. तिला क्षणात कळलं, ही पावलं देवळाची आहेत, शर्यतीची नव्हेत. डावीकडं वळलेल्या पोरी झाडीआड गेल्या होत्या, तिला दिसल्याही नाहीत. ती सरळ पाटाच्या वाटेनं सुटली.

म्हणजे अर्पिता पहिली! तिच्यापुढं कुणीच नाही! आणि त्या सात जणी ठाण्याच्या बंद अंगणात गोल गोल फिरत असतील.

मी गप्प राहिले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. मौनच होतं माझं! एकोणीस वर्षांचा नेम! आणखी दोन मिनिटं तोंड मिटून धरायचं, एवढंच. ह्यांनी सायकल विकायचा विषय काढला नसता, पोरगी झोपेत काटा, काटा म्हणाली नसती.

पण मनात आलं, एवढी वर्षं मौन देवासाठी धरलं. आत्ता जे धरशील, ते कुणासाठी?

आणि मी ओरडले!

"अगं पोरींनो, माघारी फिरा! तिकडं देऊळ हाये! शर्यत इकडं! अर्पिता, थांब!"

माझा आवाज असा असेल, हे मलाच माहीत नव्हतं. देवघरात निरांजन विझू नये इतक्या हळू बोलणारी बाई मी! बाभळीवरचे बगळे उठले. ठाण्यातला गुरव तांब्या घेऊन बाहेर आला. अर्ध्या किलोमीटरवर धर्मराजभाऊंनी घाबरून शिट्टी फुंकली आणि शर्यत थांबली.

अर्पिता परत आली. पुढं गेलेली शर्यत हातातून जाते आहे, हे तिला कळलं होतं. पण सायकल टाकून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई... तू बोलली? आरती झाली न्हाई आन् तू बोलली?"

"बोलले गं माय. त्यांच्याबी आया घरी वाट बघत असतील."

तिनं मला घट्ट मिठी मारली. हेल्मेट माझ्या कपाळावर आपटलं. टेंगूळ अजून आहे. असू दे, प्रसाद म्हणून ठेवला आहे.

धर्मराजभाऊंनी सगळ्यांना माघारी नेलं. फाट्यावरची पावलं पुसून त्यांनी स्वतः बाण काढला आणि आम्हाला हात जोडून म्हणाले, "मावशी, आता कुणी काहीच काढायचं न्हाई." शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

पहिल्या फेऱ्यात अर्पिता सहावी. मी पाटापाशी जाऊन उभी राहिले. पाटाचा चिखल दोनशे पावलं, काळा, लोण्यासारखा. तिथं खरा खेळ झाला. दाट खिळ्यांच्या टायरांना माती बसत गेली, बसत गेली, चाकांचे ढेपेएवढे गोळे झाले. चाकं फिरेनात. पोरी उतरून काड्यांनी माती खरवडायला लागल्या. आणि माझी अर्पिता? तिच्या चाकाची माती टपटप गळत होती. सडा टाकल्यासारखी! दुसऱ्या फेऱ्यात चौथी. तिसऱ्या फेऱ्यात, शेवटच्या चढाच्या आधी, तिसरी!

दोघी तिच्यापुढं राहिल्या. भोकरदनकडच्या, डोंगरात वाढलेल्या, चढावर हरणासारख्या. त्यांच्या आयांचं पुण्य! पण तिसरी म्हणजे तिसरी. नाव राज्याला गेलं!

आणि एक सांगायचं राहिलं. त्या शर्यतीत एकाही पोरीला काटा लागला नाही. एकीलाही नाही! म्हणजे हिशेब असा झाला की, आठ दिवस वाट पाहून आणलेला तो चीक असता काय आणि नसता काय, सारखंच होतं. हे मी सरांना म्हटलं, तर सर हसून म्हणाले, "वहिनी, हे कालच कळलं असतं तर भाऊंची मूठ वाचली असती."

शर्यत बघायला आलेल्या आमच्या ह्यांनी चिकटलेल्या दोन बोटांनिशी अर्पिताची सायकल स्वतः पाटाच्या पाण्यात धुतली. विकायचं काही बोलले नाहीत. फक्त टायरवरून हात फिरवून सरांना म्हणाले, "विरळ खिळेच बराबर हायेत. माझं पहिल्यापासून तेच म्हणणं व्हतं!" मी गप्प राहिले. तेवढ्यापुरतं मौन मी कधीही धरू शकते.

संध्याकाळी देवापुढं बसले आणि नेम मोडल्याची माफी मागितली. झुंबरबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "द्वारकाबाई, जिवाला लावून घेऊ नका. माझं तर पहाटे सव्वासहालाच मोडलं व्हतं. पायात काटा गेला, मी माय गं म्हणाले. तुम्हाला सांगणारच व्हते, पण बोलता येत नव्हतं ना!"

नेम मी दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा धरला आहे, पहिल्या दिवसापासून मोजायला लागले आहे. देवाची दया, लेकीची समजूत, नऊ खराटे आणि विरळ खिळे, या सगळ्यांची मी आभारी आहे. धर्मराजभाऊंनी पुढच्या वर्षीही आमच्या मंडळाला झाडायला बोलावलं आहे. रेघ आखायला नाही, तेवढं त्यांनी तीनदा सांगितलं.

राज्याच्या शर्यतीसाठी चिकाच्या दोन नव्या बाटल्या परवा आल्या. अर्पितानं दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे, "आई, हे दूध न्हाई." मी म्हटलं, एकदा चूक झाली, म्हणून काय रोज होणार आहे का! टायरातलं मला सगळं कळतं!

मग ओट्यावर पाहिलं. दुधाच्या गडूलाही चिठ्ठी लावलेली होती, ह्यांच्या अक्षरात.

"हे दूध आहे. तरी वास घेऊन बघणे."